लोकार्पण बाकी असलेलं दार

आमच्या भागात एखादी गोष्ट आधी बांधून होते आणि मग तिचं लोकार्पण होतं, असं बाहेरच्या माणसाला वाटत असेल. तसं नसतं. लोकार्पण होईपर्यंत ती गोष्ट झालेलीच नसते. टाकी पाण्यानं भरलेली असते, पण तोटी फिरवायची नाही. बसथांब्यावर पत्रे पडलेले असतात, पण म्हाताऱ्या बाया उन्हात उभ्या, कारण थांब्याला आडवी फीत बांधलेली आणि आमच्या पुढाऱ्यांची, दादांची, तारीख मिळायची असते. माझा जन्म इथलाच, त्यामुळे मला याचं कधी नवल वाटलं नाही. उलट आम्ही हसायचो. आता ते हसू मला आठवलं की माझाच राग येतो.

मी वनमाला. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वडवणीच्या बाहेर एक वसतिगृह आहे, तिथं मी अधीक्षिका होते. कापसाच्या रानात एकटी उभी असलेली दुमजली इमारत. खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि माझी खोली. वर मुली. वर जायला एकच जिना, तोही स्वयंपाकघराला खेटून. बांधणाऱ्यानं कशाचा विचार करून बांधलं होतं कोण जाणे. खिडक्यांना गज, गजांना जाळी. मुलींची इमारत म्हटल्यावर आपल्याकडे आधी गज सुचतात, मग खिडकी.

संस्था अमरसिंहदादांची. दादा माणूस वाईट, असं मी सरसकट म्हणणार नाही. कुणाच्या लग्नात अक्षता चुकवायचे नाहीत, मयतीला सगळ्यांच्या आधी हजर. वसतिगृहात आले की मुलींच्या ताटातली भाजी चाखून बघायचे आणि मीठ कमी असलं तर स्वयंपाकाच्या जगदेवीकाकूंना बोलायचे. मी कंत्राटी होते. दर जूनला माझी ऑर्डर दादांच्या सहीनं निघायची, हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला विचारायला नको की बाई, तुम्ही गप्प कशा बसलात.

मागच्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. जिन्यावर उभे राहिले, खाली स्वयंपाकघराकडं बघितलं, वर मुलींच्या खोल्यांकडं बघितलं आणि म्हणाले, मागून दुसरी वाट करा, नाहीतर अनुदान बंद. अनुदान म्हटल्यावर चक्रं फिरली. दसऱ्याच्या आत मागच्या बाजूला लोखंडी जिना उभा राहिला आणि वरच्या व्हरांड्याच्या टोकाला भिंत फोडून एक लोखंडी दार बसलं.

त्या दाराचं मला फार कौतुक होतं. रात्री दारं लावायची कशी, हे माझं रोजचं दुखणं. कुलूप लावलं तर आतल्या मुली अडकतात, नाही लावलं तर बाहेरचा कुणीही आत येतो. या दारानं दोन्ही प्रश्न मिटवले होते. बाहेरच्या बाजूला मूठ नाही, कडी नाही, सपाट पत्रा. बाहेरून पैलवान आला तरी उघडायचं नाही. आतल्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवा दांडा. दांड्याला नुसता हात लावून दाबलं की दार बाहेर उघडतं. बीडहून आलेला फिटर त्याला पॅनिक बार म्हणाला. मुलींनी त्याचा दांडा केला.

दिवाळी झाली आणि टोळ्या निघायला लागल्या. आईबाप मुलींना सोडायला यायचे, आणि प्रत्येक आईचं एकच मागणं. दगडाबाईचंही तेच. ती केशरला घेऊन आली होती. केशर सातवीला. बारीक अंगाची, तोंडानं फटकळ. दगडाबाईनं मला कोपऱ्यात घेतलं.

"बाई, पोरगी आता शानी झाली. आमी तिकडं सांगलीकडं, उसात. हितं काई झालं तर यायचं कसं? तिला कुलपात ठेवा. रातचं दार उघडं न्हाई ठेवायचं."

"पुढच्या फाटकाला कुलूप असतं, दगडाबाई."

"आन् त्या मागच्या दाराला?"

मागच्या दाराला कुलूप नाही असं तोंडानं सांगितलं असतं, तर तिनं मुलीला परत ट्रॅक्टरवर बसवलं असतं. म्हणून मी तिला लोखंडी जिन्यावरून वर नेलं आणि म्हणाले, उघडून दाखवा.

तिनं दारावर हात फिरवला. "मूठ कुठं हाय?"

"नाहीच."

तिनं फटीत बोटं घालून बघितली, नखं घालून बघितली. मग पदर खोचला आणि खांदा लावून दाराला धडक दिली. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून वाहून तयार झालेला खांदा तो. दार हललं नाही. तिनं पुन्हा धडक दिली, आणि मग पहिल्यांदा तिच्या तोंडावर बरं वाटल्याची खूण दिसली.

"घट्ट हाय," ती म्हणाली.

आतून ते कसं उघडतं हे मी सांगायला लागले, तोवर खालून तिच्या नवऱ्यानं, हनुमाननं, ट्रॅक्टरचा हॉर्न दिला. ती उतरली, केशरच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर जाऊन बसली. आतली बाजू तिनं बघितलीच नाही.

मुली राहायला आल्यावर मी त्यांचा सराव घेतला. मी ताट वाजवायची. ताट वाजलं की हातातलं सगळं टाकायचं आणि मागच्या दाराकडं जायचं. पुढच्या जिन्याकडं बघायचंसुद्धा नाही, कारण आग लागली तर ती स्वयंपाकघरात लागणार आणि धूर त्याच जिन्यानं वर येणार. दाराची मॉनिटर मी केशरला केलं. तिनं सगळ्यांच्या पुढं धावायचं, दांडा दाबायचा, दार धरून उभं राहायचं, सगळ्या गेल्या की मगच आपण निघायचं. हे मी बरोबर शिकवलं होतं, आणि कुणी काहीही लिहून दिलं तरी मी हेच म्हणेन.

पहिल्या सरावाला नुसता गोंधळ झाला. एकीची चप्पल अडकली, दोघी हसत बसल्या. केशर त्यांच्यावर खेकसली, "मेल्यावर हसा." पुढं पुढं त्या इतक्या झटपट उतरायला लागल्या, की मला भरून यायचं. एके दिवशी मी फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिकडं उसाच्या फडात आयांनी तो बघावा, आपल्या पोरी किती हुशार झाल्या ते कळावं, एवढीच हौस.

तो व्हिडिओ फिरत फिरत राजेश्वरआप्पांकडं गेला. आप्पांचं सिरसाळ्याला आडत दुकान आणि दादांशी जुनं वैर. मागं एका टाकीचं लोकार्पण दादा दुपारी करणार होते, तर आप्पांनी उजाडताच जाऊन तोटी फिरवली, नारळ फोडला आणि फोटो काढून मोकळे झाले. तेव्हापासून दादा लोकार्पणाच्या बाबतीत ताकसुद्धा फुंकून पीत. आप्पांनी मुलींच्या व्हिडिओवर एवढंच लिहिलं, "दादांची फीत राहिली घरी, लोकार्पण केलं लेकरांनी." संध्याकाळपर्यंत सगळा तालुका हसला.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीसाठी बीडला गेले होते. परत आले, तर दांड्याला साखळी. भिंतीत खुंटी ठोकून, दांड्याभोवती दोन वेढे देऊन, टोकाला मुठीएवढं कुलूप. दारावर आडवी लाल फीत. बाजूला दादांच्या नावाची कोनशिला, तिच्यावर पडदा. दादांचा माणूस अंगद तिथंच हात झाडत उभा होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"दादांनी सांगितलं. लोकार्पनाच्या आदी पोरी दारातून गेल्याच कशा, बाई?"

"अंगद, हे संकटात बाहेर पडायचं दार आहे. याला कुलूप लावत नसतात."

"बाहेरून तर उघडत न्हाई ते, मला ठावं हाय. पर आतून कुनी बी उघडील. जगदेवीकाकू आप्पांच्या भावकीतल्या. उद्या त्या आतून दांडा दाबतेत आन् आप्पा जिना चढून आत येतेत. फोटो निघाला की संपलं. मंग काय करावं आमी?"

"चावी माझ्याकडं दे."

"तुमच्याकडं दिली तर काकूंकडं जाईल. चार दिवसाची गोष्ट हाय."

मी त्याच पावली दादांच्या बंगल्यावर गेले. दादांनी चहा पाजला. माझं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाले, "बाई, तुमची काळजी बरोबर हाय. आपल्याच लेकी हायेत त्या. चार दिवसात मंत्र्याची तारीख मिळती. चार दिवसात काय आग लागती का?"

चार दिवस झाले. आणि पाचव्या दिवशी जिल्हा परिषदेच्या निवडणुका जाहीर झाल्या. आचारसंहिता लागली. आचारसंहितेत लोकार्पण करता येत नाही, आणि लोकार्पण झाल्याशिवाय कुलूप काढता येत नाही. सगळं कसं नियमानं. दादांना पुन्हा भेटले तर ते प्रचाराच्या गाडीतूनच म्हणाले, "आचारसंहिता उठली की पयल्या दिवशी, बाई." मागच्या वर्षीच्या तपासणीच्या साहेबांना फोन लावला, ते निवडणुकीच्या कामावर होते. गावातल्या वेल्डिंगवाल्याला साखळी कापायला बोलावलं. तो म्हणाला, जिना मीच केला, दादांकडं बिल अडकलंय, तुम्ही दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस कुठून आणू? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे दुसरा माणूसच सांगतात. मी स्वतः कापायला हवी होती, असं आता मला सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांत एकाचीही ऑर्डर दादांच्या सहीनं निघत नाही.

मी मुलींना बसवून सांगितलं, की सध्या मागचं दार बंद आहे, काही झालं तर पुढच्या जिन्यानं. मुलींनी माना हलवल्या. केशर मात्र बसूनच राहिली.

"मंग मी कशाची मॉनिटर?"

"दार उघडेपर्यंत थांब."

"कवा उघडनार?"

"निवडणूक झाली की."

"आग काय निवडनूक बघून लागती व्हय?"

मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, जेवणाआधी, ती व्हरांड्याच्या टोकाला जाऊन दांडा दाबून बघायची. साखळी वाजायची. मग माझ्याकडं येऊन म्हणायची, "बाई, आज बी न्हाई उघडलं." आधी मी हसून न्यायची. पुढं पुढं तो साखळीचा आवाज आला की मी कामाचं निमित्त काढून दुसरीकडं जायला लागले.

त्या थंडीत गॅसच्या टाक्या वेळेवर आल्या नाहीत. जगदेवीकाकूंनी स्वयंपाकघरालगतच्या पडवीत चूल मांडली आणि पऱ्हाटी जाळून भाकरी करायला लागल्या. आसपासच्या रानात कापसाच्या वाळक्या काड्यांना तोटा नाही. वारा लागू नये, दव लागू नये म्हणून पऱ्हाटीचा ढीग त्यांनी आतल्या, पुढच्या जिन्याखाली रचला. मीच जागा दाखवली होती. दुसरी कोरडी जागा नव्हती.

दिवेलागण झाली होती. मुली वर अभ्यासाला बसल्या होत्या. मी फाटकाशी दूधवाल्याशी बोलत उभी होते. चुलीतून ठिणगी गेली की काकूंच्या हातातलं जळतं लाकूड पडलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. पऱ्हाटी पेटायला काय वेळ लागतो? ढीग धडाडला आणि धूर सरळ जिन्यानं वर. काकू बिचाऱ्या घाबरल्या, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांनी केलं. त्यांनी ताट उचललं आणि वाजवायला लागल्या.

ताट वाजलं की मागच्या दाराकडं. मुली मागच्या दाराकडं गेल्या.

मी धावत मागं गेले, लोखंडी जिना चढले आणि त्या दारासमोर उभी राहिले. सपाट पत्रा. मूठ नाही, कडी नाही. बाहेरून कुणालाही न उघडणारं दार, माझं लाडकं. आत मुली खोकत होत्या, रडत होत्या, आणि साखळी खणखण वाजत होती.

"केशर," मी ओरडले, "खिडक्यांकडं जा. सगळ्यांना खिडक्यांकडं ने."

"बाई, दाबतेय," आतून आवाज आला. "दाबतेय मी."

मी अंगदला फोन लावला. मागं सभेचा भोंगा चालू होता. तो म्हणाला, "चावी माझ्यापशीच हाय, आलोच. साखळी तोडू नका बाई, इनाकारन पेपरात येईल." मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

शेजारच्या रानातला शहादेव पहार घेऊन आला. त्याच्या मागं आणखी दोघंतिघं. त्यांनी बिजागरीच्या बाजूनं पहार घातली. दार चांगलं बनवलं होतं, मेलं लवकर हलेना. आतून दुसऱ्या मुलींचे आवाज लांब गेले होते. त्यांनी खिडक्या गाठून गजांना तोंडं लावली होती, म्हणून त्या वाचल्या. साखळी मात्र वाजतच होती, हळू, थांबून थांबून. केशर दांडा सोडून गेली नव्हती. मॉनिटरनं दार सोडायचं नाही, असं कोणी शिकवलं होतं ते मी वर सांगितलंच आहे.

दार चौकटीतून निखळलं, तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. शहादेवनं तिला आधी उचलायला हात घातला, तर तिनं तो झटकला आणि मुलींना हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मुली खिडक्यांकडून आल्या, एकेक करत बाहेर गेल्या. मग ती खाली बसली. बीडला नेईपर्यंत ती गेली. बाकीच्या सगळ्या जगल्या, आणि त्याबद्दल मला लोक अभिनंदन केल्यासारखं बोलतात.

सकाळी मी वर गेले तर साखळी नव्हती. खुंटीसुद्धा उपटलेली, भिंतीतल्या भोकात सिमेंट भरलेलं, ओलं. अंगद खालीच होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "दार जाम झालतं, बाई. नवं हाय, रंग चिकटला." पोलिसांना त्यानं हेच सांगितलं. जगदेवीकाकूंनी आपण वर कधी जातच नाही असं सांगून अंग काढून घेतलं. मुलींना त्यांच्या नातेवाइकांनी नेलं. शहादेवनं साखळी बघितली होती, पण त्याच्या विहिरीचं काम दादांच्या शिफारशीवर होतं. मी साखळीबद्दल सांगितलं, तर पोलीस साहेबांनी मला उलट विचारलं, "पुढचा जिना असताना मुलींना मागच्या दाराकडं पळायची सवय कुणी लावली?" त्याच आठवड्यात मला घरी बसवलं.

निवडणूक झाली. आप्पांनी प्रचारात केशरचा फोटो फिरवला. दादांनी तिच्या आईबापाला मदत जाहीर केली. दोघांच्याही बॅनरवर एकच फोटो, माझ्याच व्हिडिओतून काढलेला, दार धरून उभी असलेली केशर. दादा निवडून आले. आचारसंहिता उठली.

आणि दादा शब्दाला जागले. खरोखर पहिल्याच दिवशी. दार दुरुस्त केलं, रंग दिला, जिन्याला केशरचं नाव दिलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, आमच्याकडं त्या झोप्याचं लोकार्पणही करतात. मंत्री काही आले नाहीत. फीत केशरच्या आईच्या हस्ते कापायची ठरली. दगडाबाईला फडातून आणायला दादांनी स्वतःची गाडी पाठवली. लेकीचं सगळं उरकून ती पुन्हा उसात गेली होती; मुकादमाची उचल फेडायची असते, तिथं सुतक चालत नाही.

मला बोलावणं नव्हतं. मी गेले. व्हरांड्यात खुर्च्या, सतरंजी, भोंगा. मी मागं भिंतीला उभी राहिले. दगडाबाई नवं लुगडं नेसली होती, घडी मोडल्याच्या खुणा तशाच होत्या. तिला मी दिसले आणि तिनं मान हलवली. तिच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. तिला सांगितलं होतं की दार जाम झालं, आणि तिनं ते मानलं होतं. तिनं खांदा लावून बघितलेलं दार ते. घट्ट होतं, हे तिला ठाऊक होतं.

दादा थोडक्यात बोलले. बोलताना त्यांचा आवाज खरंच भरून आला. मी बघत होते, ते नाटक नव्हतं. मग अंगदनं तबक पुढं केलं. दगडाबाईनं कात्री घेतली, फीत कापली. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कुणाला कळेना, मग दोघातिघांनी वाजवल्या.

"मावशी, आता दार उघडा," अंगद म्हणाला. "हा दांडा दाबा."

तिनं पदर खोचला. फितीचा तुकडा हातात तसाच होता. तिनं पाय रोवले, खांदा पुढं केला, आणि होतं नव्हतं ते बळ लावून दांड्यावर पडली. दार भसकन उघडलं. ती तोल जाऊन बाहेरच्या लोखंडी फळीवर गेली, कठडा धरून सावरली. फोटोवाला म्हणाला, मावशी, इकडं बघा.

तिनं बघितलं नाही. ती परत आत आली, दार ओढून घेतलं, आणि या वेळी नुसता एक हात दांड्यावर ठेवला. दार उघडलं. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा दोन बोटं टेकवली. दार पुन्हा उघडलं.

"येवढं हलकं हाय?" ती म्हणाली. "मंग माझ्या लेकीला कावून उघडलं न्हाई?"

"रंग चिकटलता, मावशी," अंगद म्हणाला.

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हेच. दादांसमोर, पत्रकारांसमोर मी मोठ्यानं म्हणाले, "रंग चिकटला नव्हता. दाराला साखळी होती, दगडाबाई. साखळीला कुलूप होतं."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दादांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता फुटलं. आता ही बाई कात्री घेऊन यांच्या अंगावर जाईल, आणि गेली तर मी धरणार नाही.

दगडाबाईनं दोन्ही हात तोंडावर नेले.

"कुलूप," ती म्हणाली. "मीच म्हनले होते, बाई. मीच तुमाला म्हनले होते, पोरीला कुलपात ठेवा."

"नाही," मी पुढं झाले, "तुमच्या सांगण्यावरून नाही लावलं."

"व्हय की," अंगद लगेच म्हणाला, आणि त्याचा आवाज किती मऊ झाला होता. "आयबापच म्हन्तेत कुलपात ठेवा. आमी तरी काय करावं."

दादांनी मान वर केली. त्यांनी दगडाबाईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या, मावशी. तुमची चूक न्हाई. काळजीपोटी म्हनलाव तुमी." पत्रकार ते लिहून घेत होते.

ती जिन्यानं खाली निघाली, त्याच लोखंडी जिन्यानं. गाडी तिला परत फडावर सोडायला उभी होती. मी तिच्या मागं धावले, खालच्या पायरीवर तिला गाठलं, तिचा हात धरला.

"दगडाबाई, ऐका माझं. तुमच्यासाठी नव्हतं ते कुलूप. फितीसाठी होतं. लोकार्पणाच्या आधी दुसऱ्या कुणी फीत कापू नये म्हणून दादांनी दार कुलपात ठेवलं. तुमचा त्यात काही संबंध नाही."

तिनं हातातल्या लाल तुकड्याकडं बघितलं. मग तो माझ्या हातात दिला आणि माझ्याच खांद्यावर थोपटलं, जसं आपण समजूत घालणाऱ्याची समजूत घालतो.

"फितीला कुनी कुलूप लावतंय का, बाई," ती म्हणाली. "माझ्या मनाला बरं वाटावं म्हनून तुमी काई बी सांगताव."

आणि ती गाडीत जाऊन बसली.